वसतिगृहातील मुलांची सक्तीची अमली पदार्थ तपासणी : जाणकारांचे मत हवे आहे

पेठेतील विश्वस्त

नमस्कार.

बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी आमच्या संस्थेचे पेठ भागात एक जुने वसतिगृह आहे. 40 खोल्या आणि 120 मुले. त्यांतील बरीचशी बीड, परभणी, हिंगोली आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतली. अकरावीला आलेली सोळा वर्षांची मुले आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे पंचविशीतले तरुण एकाच छताखाली राहतात आणि एकाच पंगतीला जेवतात. गेली नऊ वर्षे मी या संस्थेचा विश्वस्त आहे. पुढील महिन्यात मंडळापुढे येणाऱ्या एका ठरावाबाबत मला मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या दिवाळीनंतर एका मुलाच्या कपाटात पांढऱ्या भुकटीची लहानशी पुडी सापडली. रेक्टरांनी ती शौचालयात टाकून पाणी सोडले, रात्रीच मुलाच्या वडिलांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मुलगा सामानासह गावी गेला. त्या निर्णयाला मीही संमती दिली होती. वसतिगृहाचे नाव वाचले, एवढेच तेव्हा आम्हांला दिसले. तो मुलगा पुढे कोणाकडे गेला, त्याला उपचार मिळाले का, त्याचे शिक्षण चालू आहे की सुटले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज आमच्यापैकी कोणाजवळ नाही, आणि ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

त्यानंतर एका कंपनीने आमच्याकडे प्रस्ताव दिला. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाच्या लघवीची पट्टीवर तपासणी करायची, व्हरांड्यांत आणि जिन्यांवर कॅमेरे बसवायचे, मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळा संगणकाने टिपायच्या, आणि या सर्वांवरून प्रत्येक मुलाचा एक ‘जोखीम गुणांक’ काढून तो पालकांना मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये दाखवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. खर्च आम्हांला झेपण्याजोगा आहे. मंडळातील निम्मे सदस्य अनुकूल आहेत आणि खरे सांगायचे तर माझाही कल त्याच बाजूला आहे. कारण पुण्यात ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ, किती सहज मिळते हे मुलांच्याच तोंडून ऐकल्यावर हातावर हात ठेवून बसणे मला शक्य नाही.

तरीही मनात शंका आहेत. ही तपासणी विश्वासार्ह असते का? ती सक्तीने करण्याचा आम्हांला अधिकार आहे का? आणि एखादा मुलगा दोषी निघालाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेमके काय करायचे? आपले मत मोकळेपणाने सांगावे, ते माझ्या मताविरुद्ध असले तरी चालेल.

निवृत्त खाकी

पोलीस दलात 31 वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. त्यांतील काही वर्षे अमली पदार्थ विरोधी पथकात गेली. माझे मत स्पष्ट आहे : तपासणी करा.

मी नोकरीला लागलो तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुड्या ठरावीक अड्ड्यांवर विकल्या जात. अड्डा माहीत असे, विकणाराही माहीत असे, आणि साध्या वेशातील दोन शिपाई उभे केले की धंदा निदान काही दिवस तरी बंद पडे. आज अड्डा मुलाच्या खिशात आहे. संदेश पाठवणाऱ्या अ‍ॅपवर मागणी नोंदवली जाते, पैसे ऑनलाइन जातात आणि माल कधी कुरिअरने, तर कधी जेवणाचे डबे पोहोचवावेत तसा दारात येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापासून दिल्लीपर्यंत माग काढून दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले, तेव्हा वृत्तपत्रांतील हजारो कोटींचे आकडे वाचून लोक थक्क झाले. मला मात्र वेगळीच काळजी वाटली. इतका माल तयार होतो याचा अर्थ तो घेणारेही तितकेच आहेत, आणि त्यांतील कित्येकांना आपण काय घेत आहोत हेच ठाऊक नसते.

धाक ही चांगली गोष्ट नाही असे आजकाल म्हटले जाते. पण मित्राच्या आग्रहाने पहिल्यांदा पुडी हातात घेणाऱ्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात तपासणी आहे’ असे सांगता आले, तर नकार देण्यासाठी त्याला एक कारण मिळते. मुलांना अशा कारणाची गरज असते. नुसत्या उपदेशावर वाचलेली मुले मी फार थोडी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट. पुडी पाण्यात सोडण्याची चूक पुन्हा करू नका. तिला हात लावू नका, खोली बंद करा आणि पोलिसांना कळवा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे. पंचनाम्याबद्दल लोकांच्या मनात जी भीती असते ती या एका तरतुदीने बरीच कमी व्हावी, असे मला वाटते.

हिंजवडीचा प्रवासी

साहेबांच्या अनुभवाचा मला पूर्ण आदर आहे, तरीही या ठरावाला माझा विरोध आहे. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी हिशेब मांडतो.

समजा, 120 मुलांपैकी खरोखर 6 मुले काहीतरी घेतात. समजा, पट्टी 95 टक्के अचूक आहे. म्हणजे घेणाऱ्या शंभरांपैकी 95 जणांना ती पकडते आणि न घेणाऱ्या शंभरांपैकी 95 जणांना निर्दोष ठरवते. मग 6 पैकी पाच किंवा सहा मुले सापडतील, हे ठीकच आहे. पण उरलेल्या 114 निर्दोष मुलांपैकी 5 टक्के, म्हणजे पुन्हा पाच-सहा मुले, चुकून दोषी ठरतील. तुमच्या हाती अकरा नावे येतील आणि त्यांतील निम्मी मुले निरपराध असतील. कोणती निम्मी, हे पट्टी सांगणार नाही. हे वर्षातून चार वेळा करायचे आहे. चुका यदृच्छेने होत असतील तर वर्षभरात वीसहून अधिक निर्दोष निकाल दोषी म्हणून नोंदवले जातील. 95 टक्के हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. तो बदलून पाहावा, निष्कर्षाची दिशा बदलत नाही, कारण गडबड पट्टीपेक्षा प्रमाणात आहे. जी गोष्ट थोड्यांमध्येच आहे ती सरसकट सर्वांमध्ये शोधू गेले की खोटे निकाल खऱ्यांच्या बरोबरीला येतात.

आता तो निकाल अ‍ॅपमध्ये जातो आणि परभणीजवळच्या एखाद्या गावात वडिलांच्या मोबाइलवर लाल अक्षरांत उमटतो. तो मोबाइल घरात पाच जण वापरतात. संध्याकाळपर्यंत गावभर होते. दुसरी तपासणी आठ दिवसांनी निर्दोष आली तरी गावातील चर्चा कशी पुसणार? शिवाय कंपनीच्या सर्व्हरवर ती नोंद किती वर्षे राहते, कंपनी विकली गेल्यास ती कोणाच्या हाती पडते, उद्या नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणारी एखादी संस्था ती मागू शकते का, हे प्रश्न प्रस्तावात आहेत का? पाहावे. ‘जोखीम गुणांक’ हा शब्द तर मला विशेष खटकतो. अभ्यासिकेतून रात्री दोन वाजता परतणारा मुलगा आणि पार्टीहून रात्री दोन वाजता परतणारा मुलगा, जिन्यावरच्या कॅमेऱ्याला दोघेही सारखेच दिसतात.

तंत्रज्ञानाने अमली पदार्थांचा प्रश्न सुटेल ही आशा जुनी आहे आणि तिचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ओळख लपवणारे ‘टॉर’ हे जाळे ज्या कल्पनेवर उभे आहे ती 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मली. हेतू होता सरकारी संदेशवहन सुरक्षित ठेवण्याचा. 2011 मध्ये त्याच जाळ्यावर ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा बाजार उभा राहिला आणि व्यवहार बिटकॉइनमध्ये होऊ लागले. 2013 मध्ये तो बंद पाडला गेला, तोवर त्याच्या जागी दुसरे उभे राहू लागले होते. 2017 मध्ये ‘अल्फाबे’ हा तसाच बाजार बंद पडल्यावर ग्राहक ‘हान्सा’ या दुसऱ्या बाजारावर धावले, पण हान्सा त्या सुमारास डच पोलीसच गुपचूप चालवत होते आणि नोंदी गोळा करत होते. कल्पक कारवाई होती ती, मी मान्य करतो. तरीही बाजार थांबला नाही. विकणारे नवी जागा शोधतात आणि घेणारे त्यांच्यामागे जातात. तुमच्या वसतिगृहातही हेच होईल : पट्टीवर ज्या बारा पदार्थांची नावे आहेत त्यांना वगळून तेरावा पदार्थ येईल, आणि तो अधिक घातक असण्याची शक्यता आहे.

तंत्रज्ञानाचा चांगला उपयोग होऊच शकत नाही असे मी म्हणत नाही. युरोपातील अनेक शहरांत 2011 पासून सांडपाण्याचे नमुने तपासून शहरात कोणता पदार्थ वाढतो आहे हे पाहिले जाते. त्यात एकाही माणसाचे नाव उघड होत नाही आणि आरोग्य यंत्रणेला वेळेवर इशारा मिळतो. कोविडच्या काळात आपल्या पुण्यातही सांडपाण्यातून विषाणूचा माग काढण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले होते, म्हणजे कौशल्य इथे आहे. मात्र हे शहराच्या पातळीवर शोभते. एका इमारतीच्या नळीला असा नमुना लावला तर तीही पाळतच झाली.

औषध दुकानदार, कर्वे रस्ता

केवळ पट्टीविषयी दोन मुद्दे मांडतो, कारण ती आमच्या दुकानातही विकली जाते.

बाजारातील साधारण पट्ट्या गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, झोपेच्या गोळ्या अशा गटांसाठी बनवलेल्या असतात. मेफेड्रोन, म्हणजे ज्याच्या भीतीने हा ठराव आला तेच एमडी, यांतील बहुतेक पट्ट्यांवर नीट पकडले जात नाही. उलट नियमित गांजा ओढणाऱ्याने तो सोडल्यानंतरही कित्येक आठवडे पट्टी त्याला दोषी दाखवू शकते. म्हणजे ज्याने सोडले तो सापडेल आणि जो काल रात्री एमडी घेऊन आला तो सुटेल.

दुसरा मुद्दा खसखशीचा. दिवाळीत घरून आलेले अनारसे किंवा थंडीतले डिंकाचे लाडू भरपूर खाल्ले, तर अफूजन्य पदार्थांची संवेदनशील तपासणी दोषी येऊ शकते. हा विनोद नाही. याच कारणाने अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीची मर्यादा 1998 मध्ये दर मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. सर्दी-खोकल्याच्या आणि इतर काही साध्या औषधांनीही पट्टी फसते. पट्टी ही केवळ प्राथमिक चाळणी असते. खात्रीसाठी प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीची तपासणी लागते आणि ती महाग असते. आपल्या प्रस्तावात तिची तरतूद आहे का, हे अवश्य विचारावे.

शिवाजीनगर न्यायालय

फौजदारी वकील म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो तो अमली पदार्थांविषयीचा कायदा 1985 चा आहे. त्याच्या कलम 27 प्रमाणे केवळ सेवन हादेखील गुन्हा आहे : कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांसाठी 1 वर्षापर्यंत, इतर बहुतेक पदार्थांसाठी 6 महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. बाळगण्याची शिक्षा प्रमाणावर ठरते. मेफेड्रोन 2015 मध्ये या कायद्याखाली आणले गेले. 2 ग्रॅमहून कमी ते अल्प प्रमाण आणि 50 ग्रॅमहून अधिक ते व्यापारी प्रमाण. गांजासाठी याच मर्यादा 1 किलो आणि 20 किलो आहेत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम 37 मुळे जामीन मिळणे अत्यंत कठीण होते. विश्वस्तांनी आणखी एक कलम लक्षात ठेवावे : कलम 25. आपल्या जागेचा वापर अशा गुन्ह्यासाठी होऊ देणारा, जाणूनबुजून होऊ देत असेल तर, तोही शिक्षेस पात्र ठरतो. त्यामुळे डोळेझाक हा पर्याय आपल्याला नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो.

पण डोळेझाक न करणे आणि सर्वांची लघवी तपासणे यांत पुष्कळ अंतर आहे. झडतीचे अधिकार कायद्याने ठरावीक अधिकाऱ्यांना दिलेले आहेत आणि त्या अधिकाऱ्यांवरही कलम 42 आणि 50 ची बंधने आहेत. रेक्टर किंवा खाजगी कंपनी त्यांत बसत नाही. प्रवेशाच्या वेळी संमतीपत्रावर सही घेतली की प्रश्न मिटला असे सांगितले जाईल. परंतु पुण्यात दुसरीकडे राहण्याची ऐपत नसलेल्या मुलाने ‘सही नाही तर खोली नाही’ या अटीवर केलेली सही किती मुक्त मानायची? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध सांगता येतो हे खरे असले, तरी एखाद्याच्या शरीरातील माहिती कोणाची, या प्रश्नाकडे पाहण्याची न्यायालयांची दृष्टी त्या निकालाने बदलली आहे. जुलै 2024 मध्ये तर एनडीपीएसच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने आपल्या मोबाइलवरील नकाशाची खूण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावी ही जामिनाची अट रद्द केली. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीवर अशी पाळत चालत नसेल, तर ज्याच्यावर कसलाही आरोप नाही अशा विद्यार्थ्यावर ती का चालावी? आपल्याकडील अकरावी-बारावीची मुले अल्पवयीन आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याच्या विरोधात आहे, हेही मंडळाला सांगावे. याउलट, अल्पवयीन मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 मध्ये 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कठोरपणा दाखवायचा तर तो इथे दाखवावा.

आता ज्याची फारशी चर्चा होत नाही असे कलम सांगतो. कलम 64-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम 39 न्यायालयालाही शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडण्याची मुभा देते. माझ्या वकिलीच्या काळात ही कलमे वापरली गेल्याची उदाहरणे मला बोटांवर मोजता येतील. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, खिशात अर्धा ग्रॅम, आणि घरच्यांना उपचाराच्या या वाटेचा पत्ताच नसतो.

माझे वैयक्तिक मत असे की केवळ सेवन हा फौजदारी गुन्हा राहू नये. पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवसांच्या वापराइतके प्रमाण फौजदारी कायद्याबाहेर काढले आणि अशा व्यक्तीला कायदा, मानसशास्त्र आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या छोट्या समितीपुढे नेण्याची पद्धत घातली. विक्री तिथेही गुन्हाच आहे. आपला कायदा बदलायला वेळ लागेल, परंतु वसतिगृहाचे नियम पुढील महिन्यात बदलता येतात.

समुपदेशक, येरवडा परिसर

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मी 18 वर्षे काम करते आहे. वरील प्रतिसाद वाचून प्रथम एक गोष्ट सांगावीशी वाटते : लघवीची तपासणी आम्हीही करतो. ती वाईट नाही. निकाल कोणाच्या हाती पडतो आणि त्यानंतर काय होते, यावर तिचे चांगले-वाईटपण ठरते.

मेफेड्रोनसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर, अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे तसे पर्यायी औषध आज उपलब्ध नाही. उपचारांचा मुख्य आधार समुपदेशन, दिनक्रम आणि कुटुंब हाच आहे. या प्रकारच्या व्यसनांत जी पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली आहे तिच्यात लघवीची तपासणी आहे, पण उलट्या दिशेने : निकाल स्वच्छ आला की रुग्णाला लहानसे बक्षीस मिळते आणि सलग स्वच्छ राहिल्यास ते वाढत जाते. कॅलिफोर्नियात 2023 पासून सरकारी आरोग्य योजनेतून हे केले जाते. तीच पट्टी, तेच तंत्र. मात्र इथे मुलगा स्वतःहून तपासणीला येतो. शाळांतील सक्तीच्या तपासणीला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने विरोध केला आहे, तोही याच अनुभवातून की डॉक्टर आणि मूल यांच्यातील विश्वास एकदा गेला की तो परत आणणे फार कठीण असते.

आपल्या शहराला या कामाची परंपरा आहे. गर्दने पुण्या-मुंबईची तरुण पोरे गिळायला सुरुवात केली त्या काळात, 1986 साली, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका तेव्हा धाडसाची होती. कायद्याने ती मान्य करायला पुढे तीन दशके लागली : 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती हा आजाराच्या व्याख्येचाच भाग केला आणि रुग्णाची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला. म्हणजे आज एकाच मुलाला एक कायदा आरोपी म्हणतो आणि दुसरा रुग्ण. वसतिगृहाने दोन्हींपैकी कोणती दृष्टी धरायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

तंत्रज्ञानाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पाळत ठेवण्यासाठी ते वाऱ्याच्या वेगाने आले, उपचारांसाठी मात्र अडखळत येते आहे. मार्च 2020 मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली आली आणि खेड्यातील रुग्णाला पुण्यातील डॉक्टर मोबाइलवर भेटू लागले. पण एनडीपीएसच्या यादीतील औषधे अशा भेटीत लिहून देण्यास तिच्यात मनाई आहे. गैरवापराची भीती मी समजू शकते. तरी गर्दचे व्यसन सोडण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर झालेल्या मजुराने त्यासाठी रोजगार बुडवून पुन्हा पुन्हा शहरात यावे, ही सक्ती मला अन्यायाची वाटते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर 20 जणांपैकी एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. त्या उरलेल्या 19 जणांपर्यंत पोहोचणारे अ‍ॅप कोणी बनवले तर मी त्याचे स्वागत करीन.

केंद्र शासनाची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती साहाय्यवाणी आहे. तो क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा, परंतु तेवढ्यावर थांबू नका. अमेरिकेतील ओरेगन राज्याने 2021 मध्ये अल्प प्रमाण बाळगण्याचा गुन्हा काढून शंभर डॉलरचा दंड ठेवला आणि फोन करून आरोग्यविषयक चाचणी करून घेणाऱ्याला तो माफ केला. फारच थोड्यांनी फोन केला, उपचारांच्या सोयी उशिरा उभ्या राहिल्या, रस्त्यांवरील परिस्थिती पाहून लोक संतापले, आणि सप्टेंबर 2024 पासून ते पुन्हा गुन्हा झाले. शिक्षा काढली पण तिच्या जागी माणूस ठेवला नाही, असे मी त्या अनुभवाचे वाचन करते. वकील साहेबांनी सांगितलेल्या पोर्तुगालमध्ये तो माणूस होता.

आपल्या वसतिगृहात असा माणूस हवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा प्रशिक्षित समुपदेशक, ज्याची खोली रेक्टरांच्या कार्यालयाशेजारी नसेल आणि ज्याची वही विश्वस्तही उघडणार नाहीत.

सिंहगड रस्ता, एक पालक

मी फारसा लिहीत नाही, पण हा प्रश्न वाचून राहवले नाही.

माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला असताना एमडीच्या नादी लागला. मला कळले तेव्हा मी दुकानातून पट्ट्या आणल्या आणि दर रविवारी सकाळी त्याला न्हाणीघरात पाठवून दाराबाहेर उभा राहू लागलो. सलग सात रविवार निकाल स्वच्छ आला. मी समाधानाने चहा प्यायलो. वरच्या औषध दुकानदारांनी लिहिले आहे ते मला तेव्हा माहीत नव्हते; तो जे घेत होता ते त्या पट्टीवर दिसतच नव्हते. आठव्या रविवारी तो घरी आला नाही.

पुढे मी त्याला एका खाजगी केंद्रात ठेवले, तिथे त्याला दोन महिने आमच्याशी बोलू दिले नाही. बाहेर आला तो आणखी अबोल होऊन. नंतर एका डॉक्टर बाईंनी आम्हां दोघांना समोरासमोर बसवले आणि मला सांगितले, ‘यापुढे निकाल मी फक्त त्याला सांगणार, तुम्हांला नाही. सांगायचे असेल तर तो सांगेल.’ मला अपमान वाटला. पाच महिन्यांनी एका रात्री जेवताना त्यानेच सांगितले, ‘बाबा, काल पुन्हा घेतले, उद्या माझ्याबरोबर चला.’ त्या वाक्याला आता तीन वर्षे झाली. तो नोकरी करतो.

खाकीतील साहेबांना एवढेच विनवतो : धाकाने माझा मुलगा थांबला असता तर मी त्याला जन्मभर धाकात ठेवले असते.

निवृत्त खाकी

आपले लिहिणे दोनदा वाचले. पहिल्यांदा घेणाऱ्या मुलाबद्दलचे माझे मत मी सोडत नाही. पण व्यसन लागलेल्या मुलाला तेच लावण्यात माझी चूक होत होती, हे मान्य करतो. विकणाऱ्याबाबत मात्र कोणतीही सवलत असू नये. वसतिगृहात येऊन माल देणारा कोण, हे मुलांकडून विश्वासाने कळले तर ते थेट पोलिसांपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

पेठेतील विश्वस्त

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस मी ही उत्तरे मंडळातील सदस्यांना वाचून दाखवतो आहे.

कंपनीला मी तीन प्रश्न लेखी विचारले : पट्टी मेफेड्रोन पकडते का, दोषी निकालाची प्रयोगशाळेत खात्री होते का, आणि नोंदी कधी नष्ट केल्या जातात. पहिल्याचे उत्तर ‘पुढील आवृत्तीत’ असे आले. दुसऱ्यासाठी वेगळे शुल्क आहे. तिसऱ्याचे उत्तर आलेले नाही. त्यामुळे मूळ ठराव मागे घेऊन मी नवा ठराव मांडणार आहे. सरसकट तपासणी आणि गुणांक नाही. कॅमेरा केवळ मुख्य दरवाजावर, बाहेरून येणाऱ्यांसाठी. त्याच पैशांत आठवड्याला दोन संध्याकाळी समुपदेशक. स्वतःहून मदत मागणाऱ्या मुलाची खोली जाणार नाही, असा लेखी नियम, आणि त्यात कलम 64-अ ची माहिती साध्या भाषेत. पदार्थ सापडल्यास काय करायचे याची कार्यपद्धती निवृत्त साहेबांच्या सूचनेप्रमाणे. अल्पवयीन मुलांच्या पालकांना कधी आणि कसे कळवायचे, यावर मात्र मंडळात अजून एकमत नाही. सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट आईवडिलांपासून लपवणे मला स्वतःलाही पटत नाही, आणि त्याबाबत येरवड्याच्या ताईंशी प्रत्यक्ष भेटून बोलण्याची माझी इच्छा आहे.

काल संध्याकाळी मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. मुलगा तालुक्याच्या गावी मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात जातो, परीक्षेला बसला नाही. उपचारांविषयी त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मी क्षमा मागितली. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, ‘जून महिन्यात पोराला पुन्हा खोली मिळेल का?’ हा विषय मी बैठकीच्या कार्यपत्रिकेवर ठरावाच्या आधी घातला आहे.